अमेरिकेने आरक्षण काढलं म्हणे! मग आपल्याकडचं काय?

घोडबंदरकर (धागाकर्ता)

सीईटीचे निकाल लागले की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दरवर्षी एकच मेसेज फिरतो. 'अमेरिकेने आरक्षण रद्द केलं, हार्वर्डला कोर्टाने झापलं, आपण कधी शहाणे होणार?' खाली तिरंगा आणि अंगठ्यांची रांग. यंदा लिफ्टमध्ये दोघांनी तोंडीही ऐकवलं. तिथे चौथा मजला येईपर्यंत काय बोलणार, म्हणून इथे लिहितोय.

माझं म्हणणं एवढंच आहे की २९ जून २०२३ ला हार्वर्डच्या केसमध्ये अमेरिकेत जे रद्द झालं, म्हणजे प्रवेश देताना मुलाचा वंशही बघणं, ते आपल्याकडे कधी नव्हतंच. आणि आपल्याकडे जे आहे, म्हणजे राखीव जागा, ते तिकडे १९७८ लाच बाद झालंय.

१९७८ ची केस ॲलन बाकी या विद्यार्थ्याची. कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या सरकारी मेडिकल कॉलेजने १०० पैकी १६ जागा अल्पसंख्य वंशांच्या मुलांसाठी बाजूला ठेवल्या होत्या. आपल्या भाषेत सरळ सरळ राखीव जागा. तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं, असा कोटा चालणार नाही. पण न्या. पॉवेल यांनी एक फट ठेवली: वेगवेगळ्या पार्श्वभूमीची मुलं एका वर्गात असली तर सगळ्यांचंच शिक्षण चांगलं होतं, तेव्हा वंश ही अनेक बाबींपैकी एक बाब म्हणून बघायला हरकत नाही. समाजाने पिढ्यानपिढ्या केलेल्या अन्यायाची भरपाई हे कारण मात्र त्यांनी मानलं नाही. पुढची ४५ वर्षं अमेरिकेतली कॉलेजं त्या फटीतून ये-जा करत होती. २००३ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या दोन केस एकाच दिवशी लागल्या. पदवीच्या प्रवेशात १५० पैकी २० गुण वंशाचे थेट द्यायचे, ते उडालं. लॉ स्कूलची 'एकंदरीत बघून ठरवू' ही पद्धत टिकली. त्या निकालात न्या. सँड्रा डे ओ'कॉनर यांनी अपेक्षा लिहून ठेवली की २५ वर्षांनी याची गरज उरणार नाही. फट बुजली विसाव्या वर्षीच.

आता इकडे या. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ च्या हुकमाने करवीर संस्थानात मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा ठेवल्या, त्या काही कचेरी रंगीबेरंगी दिसावी म्हणून नव्हे. कचेरीत एकाच जातीची माणसं होती आणि बाकीच्यांना आत यायला दारच नव्हतं, म्हणून. १९५१ मध्ये मद्रासच्या चंपकम दोराईराजन प्रकरणात सुप्रीम कोर्टाने कॉलेज प्रवेशातली जातवार वाटणी रद्द केली, तर त्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती होऊन कलम १५(४) आलं. म्हणजे समतेचं कलम आडवं आल्यावर अमेरिकेने कार्यक्रम आवरता घेतला, आपण कलमातच दुरुस्ती केली. कोण बरोबर यावर भांडू की हवं तेवढं, पण 'त्यांनी काढलं म्हणून आपणही काढा' हे गणित मांडताच येत नाही.

आणि कोट्याचीच चीड असेल तर सगळे कोटे मोजा. अकरावीत इनहाउस (त्याच संस्थेच्या शाळेतली मुलं) १० टक्के, व्यवस्थापन ५ टक्के, अल्पसंख्याक संस्था असेल तर निम्म्या जागा त्या त्या समाजाच्या. इंजिनिअरिंगला खासगी कॉलेजात संस्थास्तरावरच्या, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं त्या जागा. मेडिकलला एनआरआय. या जागांबद्दल लिफ्टमध्ये कोणी हळहळलेलं मी अजून ऐकलेलं नाही.

रिकामटेकडा

जागा धरून बसलोय. शंभरी नक्की.

नौपाड्याचा जुना

घोडबंदरकर, इतिहास चांगला मांडलात, पण घरात मूल प्रवेशाला असतं तेव्हा १९०२ आठवत नाही हो. माझ्या नातवाला सीईटीला ९६ च्या वर पर्सेंटाइल. हवं ते कॉलेज, हवी ती शाखा मिळाली नाही. त्याच्याच क्लासमधला मुलगा, वडील मोठे सरकारी अधिकारी, घरी दोन गाड्या, बराच खालून त्याच शाखेत गेला. मुलगा गुणी आहे, आमच्याकडे डबा खायला यायचा, त्याच्याबद्दल मनात काही नाही. पण नातू विचारतो, 'आजोबा, तो कुठल्या बाबतीत माझ्या मागे होता?' याला तुमच्याकडे उत्तर असेल तर द्या. कोटे मोजायला सांगू नका.

काळा कोट

आजोबा, उत्तर त्या मुलाच्या प्रवर्गावर आहे. ओबीसी असेल आणि वडील थेट भरतीतून वर्ग एकचे अधिकारी झाले असतील, तर उत्पन्न कितीही असो, तो क्रिमीलेअरमध्ये (ओबीसींतला पुढारलेला थर) जातो आणि आरक्षण मिळत नाही. पण आई-वडिलांचं पद अशा वरच्या पदांच्या यादीत बसत नसेल, तर वार्षिक उत्पन्नाची आठ लाखांची मर्यादा मोजताना सरकारी नोकराचा पगार धरत नाहीत. शेतीचं उत्पन्नही धरत नाहीत. त्यामुळे वर्षाला पंधरा लाख पगार असलेल्या घरातलं मूल कायदेशीररीत्या नॉन-क्रिमीलेअर असू शकतं. यात लबाडी नाही, नियमच तसा आहे. गंमत म्हणजे ईडब्ल्यूएसची (खुल्यातल्या आर्थिक दुर्बळांची) मर्यादाही आठ लाखच, पण तिथे पगार, शेती, धंदा सगळं धरतात. आकडा तोच, मापं दोन.

मुलगा अनुसूचित जातीचा असेल तर क्रिमीलेअर लागूच नाही. सुप्रीम कोर्टाच्या १ ऑगस्ट २०२४ च्या दविंदर सिंग निकालात सात न्यायमूर्तींपैकी चौघांनी तिथेही ही चाळणी असावी असं मत दिलं. त्यात न्या. भूषण गवईही होते, म्हणजे अमरावतीचे, स्वतः त्याच समाजातून वर आलेले. केंद्र सरकारने आठवडाभरातच सांगून टाकलं की असं काही करणार नाही.

घोडबंदरकर

नौपाडाकाका, तुमच्या नातवाचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर 'आरक्षण काढा' हे नाही, 'चाळणी नीट लावा' हे आहे. माझं मत विचाराल तर अनुसूचित जातींमध्येही आरक्षणाने वर आलेल्या घरांतल्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीला निदान फी सवलतीत तरी मागे उभं करायला हवं. यावर मला इथे शिव्या पडणार हे माहीत आहे. पण वरचा अडला म्हणून जागा खुल्यात जाणार नाही, त्याच समाजातल्या पुढच्या मुलाला जाईल, हेही नातवाला सांगा. त्याची शाखा त्यामुळे परत येत नाही.

सीवूड्सवाली

अमेरिकेवरून दोन गोष्टी, कारण माझ्या बहिणीची मुलगी न्यू जर्सीतून याच रगाड्यातून गेली.

निकाल लागला तेव्हा भावोजींनी पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. हार्वर्डविरुद्धच्या केसमध्ये तक्रारच ही होती की आशियाई मुलांना 'व्यक्तिमत्त्वा'चे गुण पद्धतशीर कमी पडतात. अभ्यासात पुढे, खेळात ठीक, पण माणूस म्हणून म्हणे फिके! आता आपल्या पोरांना मोकळं रान, असा सगळ्या मराठी मंडळाचा सूर. पहिल्या वर्षीचे आकडे आले. एमआयटीत आशियाई ४० टक्क्यांवरून ४७ वर गेले, कृष्णवर्णीय १३ वरून ५ वर आले. पण येलमध्ये आशियाईच ३० वरून २४ वर उतरले आणि कृष्णवर्णीय १४ होते ते १४ च राहिले. म्हणजे रान कोणाला मोकळं झालं ते अजून तिकडेही कळेना.

भाचीला कौन्सेलरने काय सल्ला दिला माहितीये? भरतनाट्यम, स्पेलिंग बी, मॅथ ऑलिंपियाड यांतलं काही निबंधात लिहू नकोस, भारतीय मुलींची चळत तशीच असते. मग तिने काय लिहिलं, तर आजीबरोबर नेरुळच्या मासळी बाजारात जाणं. आजी कोळणीशी पापलेटच्या भावावरून कशी भांडते आणि पुढच्या वेळी तिच्याच मुलीच्या लग्नाला साडी कशी नेते, हे दीड पानात. निकालपत्रात मुख्य न्यायाधीश रॉबर्ट्स यांनीच तशी वाट ठेवलीये ना: वंशाचा तुमच्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे निबंधात लिहिलंत तर कॉलेजने ते वाचायला हरकत नाही. त्यामुळे पोरं आता आपलं वेगळेपण लिहून विकतात. आमची आई म्हणाली, माझ्या पापलेटावर ॲडमिशन झाली!

आणि कोट्यांचं म्हणाल तर त्याच केसमध्ये बाहेर आलं की हार्वर्डमध्ये घेतलेल्या गोऱ्या मुलांपैकी ४३ टक्के एक तर खेळाडू, नाही तर माजी विद्यार्थ्यांची, प्राध्यापकांची किंवा देणगीदार वगैरे मंडळींची मुलं. त्याला हात लागलेला नाही.

रिकामटेकडा

म्हणजे इनहाउस कोटा तिकडेही आहेच. जीव भांड्यात पडला.

येऊर पायथा

मी शहापूर भागात ज्युनियर कॉलेजला शिकवतो, राहतो ठाण्यात. वर सगळे टक्क्यांत बोलताहेत, म्हणून एक कागदपत्रांची गोष्ट सांगतो.

आमच्याकडची ठाकर समाजाची मुलगी, बारावी विज्ञान, सीईटी दिली. अनुसूचित जमातीच्या सात टक्क्यांत तिला इंजिनिअरिंग आरामात मिळत होतं. जातीचा दाखला प्रांत कार्यालयातून निघाला. पण पुढे व्हॅलिडिटी, म्हणजे तो दाखला खरा असल्याचं प्रमाणपत्र लागतं. ठाण्याच्या पडताळणी समितीकडे अर्ज, सोबत शपथपत्रावर वंशावळ, आणि ६ सप्टेंबर १९५० च्या आधी कुटुंब त्या जमातीचं होतं याचा पुरावा. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ ची तारीख आहे.

हा पुरावा म्हणजे बहुतेक वेळा आजोबा-पणजोबांच्या शाळेचा उतारा. तिचे आजोबा शाळेत गेलेच नव्हते, पणजोबांचा तर प्रश्नच नाही. जे शाळेबाहेर ठेवले गेले त्यांनी शाळेचा कागद आणायचा! मग तहसीलमध्ये कोतवाल बुकाच्या (गावच्या जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही) नकला शोधल्या. चुलत पणजोबांच्या मृत्यूची नोंद सापडली, मोडीत. मोडी वाचणारा गाठला. त्याने लावलं 'ठाकूर', इतर कागदांवर 'ठाकर', म्हणून त्रुटी निघाली. मग दक्षता पथक घरी. तुमचे देव कोणते, वाघबारस कशी करता, लग्नात धवळेरी (लग्नगीतं म्हणणारी बाई) काय म्हणते. मुलीची आई घाबरून अर्धं विसरली. शहरात वाढलेल्या पोरांना तर यातलं काहीच सांगता येत नाही. सुप्रीम कोर्टाने मार्च २०२३ मध्ये, तेही ठाकूर जमातीच्याच प्रकरणात, स्पष्ट केलं की ही चालीरीतींची परीक्षा म्हणजे अंतिम कसोटी नव्हे. पण कागद पक्का नसला की सगळं त्याच परीक्षेवर येऊन ठेपतं.

खोटे दाखले काढून जागा खाणारे होते आणि आहेत, म्हणून पडताळणी हवीच, मी स्वतः त्या बाजूचा आहे. पण खोटा दाखला काढणाऱ्याकडे कागदांचं बाड तयार असतं. अडते ती खरी.

तिला मिळालं शेवटी. रोज आसनगावहून लोकल. हॉस्टेल न मिळाल्याने स्वयम् योजनेतून पैसे मिळायचे होते, ते पहिलं सत्र संपल्यावर आले.

नौपाड्याचा जुना

येऊर, हे मला माहीत नव्हतं. पण तुमच्या या मुलीला आणि त्या अधिकाऱ्याच्या मुलाला एकाच तराजूत बसवणारी व्यवस्था मला पटत नाही, एवढंच माझं म्हणणं होतं आणि आहे.

ऐरोलीचा आगरी

काका, एका तराजूत नाहीत ते. तिची रांग वेगळी, त्याची वेगळी. तीच तर पद्धत आहे.

आता आमचं ऐका. सिडको १९७० ला आली, आमची भातशेती आणि मिठागरं गेली. आम्ही आगरी, ओबीसी. माझ्या काकाने गेलेल्या जमिनीबदल्यात मिळालेला साडेबारा टक्क्यांचा प्लॉट बिल्डरला दिला, तो आज क्रिमीलेअर. माझ्या बापाचा प्लॉट सहा भावांच्या भांडणात कोर्टात पडलाय, आम्ही नॉन-क्रिमी. एकच आडनाव, एकच गाव, एकच गावदेव. त्यामुळे जात बघा की उत्पन्न बघा हा वाद घालणाऱ्यांनी आधी आमच्या आळीत येऊन जावं, दोन्ही बघावं लागतं.

पण मला खुपतं ते वेगळंच. आमच्याच जमिनींवर उभ्या राहिलेल्या नवी मुंबईत अभिमत विद्यापीठांची मेडिकल कॉलेजं आहेत. तिथे राज्याचं आरक्षण नाही, नीटचा क्रमांक आणि पैसा. फी वर्षाला वीस लाखांच्या पुढे. तिथे नीटला बऱ्याच खालचा मुलगाही डॉक्टर होतो आणि त्याच्याकडे कोणी 'हा कुठून आला' म्हणून बघत नाही. सरकारी कॉलेजात राखीव जागेवरून गेलेल्या पोराला मात्र पाच वर्षं तो प्रश्न. पेशंट म्हणून मला दोघंही चालतील, दोघांनी एमबीबीएसची परीक्षा पास केलेली असते.

सीवूड्सवाली

+१. आणि ते 'कुठून आला' कळतं कसं, तर आपल्या याद्यांतून. कॅपच्या (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) यादीत नाव, पर्सेंटाइल, प्रवर्ग, मिळालेली जागा, सगळं पीडीएफमध्ये. फायदा असा की कोणी गडबड केली तर चार दिवसांत पकडता येते. भाचीच्या बाबतीत तिला का घेतलं आणि तिच्या मैत्रिणीला का नाही, हे कोणी कधीच सांगणार नाही. पण तिच्या कपाळावर काही लिहिलेलंही नाही. आपल्याकडे वर्ग सुरू व्हायच्या आधी यादी ग्रुपवर येते आणि पोरं कोण कुठल्या कोट्यातलं ते बघून ठेवतात. माझ्या मुलाच्या बॅचला हे झालं. कॉलेजचं नाव सांगत नाही.

काळा कोट

यादी लपवणं हा उपाय नाही ताई, पारदर्शकता गेली की पहिला बळी राखीव जागांचाच जाईल. आगरीभाऊंच्या मुद्द्याला जोडून: जानेवारी २०२२ मध्ये नीटच्या अखिल भारतीय कोट्यातल्या ओबीसी आरक्षणावरचा निकाल न्या. चंद्रचूड यांनी लिहिला, त्यात हाच विचार आहे. स्पर्धा परीक्षेतले गुण त्या दिवशीची कामगिरी मोजतात. त्यामागचा क्लास, घर, भाषा, ओळखी हे त्यात दिसत नाही.

पारसिक बोगदा

मुंब्र्यातून लिहितोय. २०१४ च्या वटहुकुमात मुसलमानांतल्या मागास गटांना ५ टक्के दिले होते. हायकोर्टाने नोव्हेंबर २०१४ मध्ये नोकरीतले थांबवले, पण सरकारी शिक्षणसंस्थांतले चालू ठेवायला हरकत नाही म्हटलं. त्यावर कायदा झालाच नाही, वटहुकूम मेला. आमच्यातल्या काही बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत, माझी आहे, माझा भाऊ त्यातूनच शिकला. ही गोष्ट इथल्या निम्म्या लोकांना माहीत नसते आणि आमच्यातल्याही पुष्कळांना नसते. दाखला काढायला गेलं की खिडकीवरचा माणूस म्हणतो, तुमच्यात जात असते का? असते हो, लग्न ठरवताना येऊन बघा.

ठाणे_स्लो

मराठा आरक्षणावर कोणीच बोलेना? आधी १६, मग हायकोर्टात शिक्षणात १२, मग मे २०२१ ला सुप्रीम कोर्टात शून्य, २०२४ ला परत १०. माझ्या तीन भावंडांनी तीन वेगवेगळ्या नियमांत प्रवेश घेतलेत. आमच्यासारख्यांनी फॉर्म भरायचा तरी कशात?

संपादक मंडळ

मराठा-ओबीसी प्रश्नावर स्वतंत्र धागा चालू आहे, कृपया ती चर्चा तिथे न्यावी. या धाग्यातले दोन प्रतिसाद वैयक्तिक शेरेबाजीमुळे उडवले आहेत.

घोडबंदरकर

सीवूड्सताईंचा याद्यांचा मुद्दा मला सगळ्यात मोलाचा वाटला. अमेरिकेत कॉलेजला आपल्या वर्गात कोण हवंय हे ठरवायचा अधिकार हवा होता, सगळी लढाई त्या अधिकाराची. आपल्याकडे कॉलेजला तो अधिकार द्यायचाच नाही म्हणून मेरिट लिस्ट आणि प्रवर्गवार ठरलेल्या जागा. प्राचार्यांच्या मर्जीवर सोडलं तर काय होईल ते व्यवस्थापन कोट्यात दिसतंच. म्हणून मला आपली रुक्ष, टक्केवारीची पद्धत परवडते. फक्त आत आल्यावर पुढे काय, याकडे आपलं साफ दुर्लक्ष आहे. येऊर म्हणतात ती मुलगी वर्गात आली, पण लेक्चर इंग्रजीत, वह्या कोणी देत नाही, घरी जायला दोन तास. पहिल्या वर्षी गणितात राहिली तर तो दोष आरक्षणाच्या खात्यावर. येऊर, तिच्या कॉलेजात काही जादा वर्ग वगैरे आहेत का?

येऊर पायथा

कागदावर आहेत. दुपारी साडेचारनंतर. ती पाचची गाडी चुकली की घरी पोचायला रात्र, मग कशी थांबणार? ती आणि अजून दोघी गाडीतच अभ्यास करतात. गणित दोनात राहिली होती, गेल्या परीक्षेत सुटली.

ठाणे_स्लो

बरं, मराठा सोडा. बहीण ओबीसी... म्हणजे कुणबी नोंद सापडली आमची. दाखला मिळालाय, व्हॅलिडिटी अजून नाही, फक्त अर्जाची पावती आहे. नॉन-क्रिमीलेअर गेल्या वर्षीचं. कॅपला चालेल का? उद्या कागद तपासणी आहे.

काळा कोट

नॉन-क्रिमीलेअर या शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध हवं, गेल्या वर्षीचं असेल तर आजच आपले सरकार केंद्रात नवीन अर्ज टाक, वडिलांचे तीन वर्षांचे उत्पन्नाचे दाखले सोबत. व्हॅलिडिटीच्या पावतीला किती मुदत मिळते ते दर वर्षी शासन ठरवतं, यंदाच्या माहिती पुस्तिकेत बघ. पावतीवरचा अर्ज क्रमांक आणि फॉर्ममधला क्रमांक एकच आहे ना ते आधी ताडून घे. आणि कुणबी नोंदीची साक्षांकित प्रत मूळ कागदासोबत ने, नुसता मोबाइलमधला फोटो दाखवू नकोस.

ठाणे_स्लो

धन्यवाद. वडील दुपारीच निघतायत केंद्रावर. फी माफीचं पण विचारायचं होतं, मुलींना पूर्ण माफ आहे ना?

काळा कोट

हो, ८ जुलै २०२४ च्या जीआरने ईडब्ल्यूएस, एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग), ओबीसी मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ, उत्पन्न आठ लाखांपर्यंत. पण प्रवेश कॅपमधूनच हवा, संस्थास्तरावर घेतलास तर मिळणार नाही. कॉलेज आधी भरा, मग परत देऊ म्हणालं तर जीआरची प्रत पुढे कर.